एकाच रोपावर टोमॅटो-बटाटा किंवा टोमॅटो-वांगं: घरच्या बागेत अशी कलमी रोपं लावण्यात अर्थ आहे का?

कुंडीकर
नमस्कार मंडळी. बाल्कनीत रोज सहा तास थेट ऊन येतं, जागा ४० लिटरच्या तीनच कुंड्यांची. ‘वर टोमॅटो, खाली बटाटा’, ‘एका खोडावर टोमॅटो आणि वांगं’, ‘एकाच रोपाला लाल आणि पिवळे टोमॅटो’ अशी कलमी रोपं विकायला दिसतात, साध्या रोपाच्या कितीतरी पट महाग. दोन्ही पिकं पोटभर येतात, की नावापुरती? घरी कलम करायचं तर कितपत अवघड आहे? आणि अशा रोपाची फळं खायला सुरक्षित असतात ना? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

बीजांकुर
भाजीपाल्याचं कलम जुनंच आहे. १९२० च्या दशकात जपान-कोरियात कलिंगडाचा शेंडा भोपळ्याच्या जातीतल्या मुळावर बांधायला सुरुवात झाली. जमिनीतल्या फ्युझेरियम मर रोगाने कलिंगडाची मुळं सडत होती, भोपळ्याची टिकत होती, म्हणून. आजही व्यापारी हरितगृहांत टोमॅटो, वांगी, काकडीची कलमी रोपं लावतात ती खुंटाच्या, म्हणजे कलमातल्या खालच्या रोपाच्या, मुळांसाठी. खुंटाकडून कोणी पीक मागत नाही.

बटाट्यावरच्या टोमॅटोत मात्र खुंटाकडूनही पीक मागायचं असतं, आणि तिथे हिशेब बदलतो. साखर तयार करणारी पानं एकाच रोपाएवढी. त्या साखरेवर वरून फळं ओढ लावतात, खालून कंद. फळं भरपूर धरली की कंद गोटीएवढे राहतात, आणि फळं खुडून टाकली तर कंद जरा भरतात. एका रोपाच्या पानांतून दोन रोपांचं उत्पन्न निघत नाही.

त्यात हवामानाची रस्सीखेच. टोमॅटोला उबदार दिवस हवेत. बटाट्याचा कंद मात्र रात्री साधारण २० अंशांखाली उतरल्या तरच नीट धरतो आणि कुंडीतली माती तापली की धरायचा थांबतो. जमिनीपेक्षा कुंडी लवकर तापते, म्हणून बाल्कनीत बहुतेक वेळा बटाटाच मार खातो.

तीन कुंड्या असतील तर एकीत टोमॅटो आणि दुसरीत बटाटा लावा. दोन्ही जास्त येतील.

गच्चीवरची बाग
बीजांकुर यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो दोन कुंड्यांना जागा आहे असं धरून केलेला आहे. ज्यांच्याकडे उन्हाची एकच जागा आहे त्यांच्यासाठी टोमॅटो-वांगं ही जोडी वाया जात नाही. दोघांनाही उबदार हवा, भरपूर ऊन आणि जवळपास सारखंच खतपाणी लागतं. दोघांची फळं वरच, त्यामुळे पीक काढायला झाड उपटावं लागत नाही.

वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने हेच ‘ब्रिमॅटो’ नावाने करून दाखवलं आहे. खुंट वांग्याचा (आयसी १११०५६), त्यावर एका फांदीला ‘काशी संदेश’ वांगं आणि दुसरीला ‘काशी अमन’ टोमॅटो. संस्थेने दिलेले आकडे दर झाडाला टोमॅटो २.३८३ किलो आणि वांगी २.६८४ किलो असे आहेत. हे शेतात लावलेल्या, नीट सांभाळलेल्या झाडांचे आकडे. कुंडीत तेवढ्याची अपेक्षा धरू नये, पण दोन्ही पिकं खरोखर येतात हे त्यातून दिसतं.

बीजांकुर
मान्य. मी बटाट्याच्या जोडीबद्दल बोलत होतो, वांग्याच्या नाही.
एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. तो खुंट निवडण्याचं एक कारण असं की त्याच्या साधारण पाच टक्के रोपांना आपसूक दोन फांद्या फुटतात. कलम करायला अशी दुफाटा रोपं वेचून घेतात. घरी साध्या वांग्यावर करायचं तर शेंडा खुडून दोन फुटवे आणावे लागतात, त्यात दोनेक आठवडे जास्त जातात आणि फुटव्यांची जाडी क्वचितच सारखी असते.

वाफा-वरंबा
बटाटा-टोमॅटोची आणखी एक गोची. बटाट्याला चांगले कंद हवे असतील तर खोडाला मातीची भर द्यावी लागते. कलमी टोमॅटोचा नियम नेमका उलटा: सांधा मातीच्या वर दोन बोटं तरी उघडा हवा. सांधा गाडला गेला की टोमॅटोच्या खोडाला स्वतःची मुळं फुटतात, ती जमीन पकडतात आणि खालचा खुंट हळूहळू बिनकामाचा होतो.

वाट काढायची असेल तर सांधा उंचावर बांधायचा. बटाट्याचं खोड १५ सेंटिमीटरपर्यंत वाढू द्या, वरच्या टोकाला कलम करा. लावताना कुंडी अर्धीच भरा आणि झाड वाढेल तशी माती चढवत न्या, सांध्याच्या खाली थांबा. मातीखाली गेलेल्या पेरांतून कंदाचे धावते फुटवे निघतात. मातीवर उरलेल्या पेरांचे डोळे मात्र नखाने खरवडून काढा, नाहीतर तिथून बटाट्याची पानं फुटतात आणि महिन्याभरात वरचा टोमॅटो दबून जातो. हे डोळे एकदा काढून भागत नाही, दर आठवड्याला बघावं लागतं.

खुंटासाठी अख्खा बटाटा लावू नका. कोंब चार-पाच बोटं वाढून त्याला मुळं फुटली की तो मूळ बटाट्यापासून अलगद तोडून वेगळा लावा. मूळ बटाटा खाली राहिला तर उरलेल्या डोळ्यांतून एकामागून एक कोंब येत राहतात.

शेवंती
स्वयंपाकघरातला कोंब आलेला बटाटा चालेल का?

वाफा-वरंबा
रोप उगवेल, पण मी तो वापरू नका असंच म्हणेन. खाण्याच्या बटाट्यात पोटॅटो व्हायरस एक्स पुष्कळदा लपलेला असतो, झाडावर काहीच दिसत नाही. कलम करताना आपण दोघांच्या रसवाहिन्या थेट जोडतो, म्हणजे विषाणूला दार उघडून देतो. टोमॅटोत आधीच टोबॅमोव्हायरस (टोबॅको मोझॅकच्या घराण्यातला विषाणू) असेल आणि वरून हा आला, तर खोडावर-देठांवर काळपट उभे पट्टे पडतात, फळांवर डाग येतात आणि झाड बसतं. खुंट करायचा असेल तर प्रमाणित बेण्याचाच बटाटा घ्या.

शिवाय उशिरा येणारा करपा टोमॅटो आणि बटाटा दोघांनाही होतो. वेगळ्या कुंड्या असतील तर एक तरी वाचण्याची आशा असते. एकाच झाडावर दोन्ही असतील तर एका पावसाळी आठवड्यात दोन्ही जातात.

कुंडीकर
खूपच उपयोगी माहिती. बटाट्याचा विचार मागे पडला. टोमॅटो-वांगं किंवा दोन रंगांचे टोमॅटो घरी करायचे तर पायऱ्या सांगाल का?

रोपवाटिकेतून
सांगतो. पहिल्यांदा करताय तर आधी साधं एकाला एक कलम करा, वांग्याच्या खुंटावर टोमॅटो. हात बसला की दुफाटा.

पेरणीची वेळ जुळवणं हे निम्मं काम. वांगं टोमॅटोपेक्षा हळू वाढतं, म्हणून खुंट ५ ते ७ दिवस आधी पेरा. रानवांगं वापरणार असाल तर किमान ३ आठवडे आधी, कारण त्याचं बी उगवायलाच वेळ घेतं. कलमाच्या दिवशी दोन्ही खोडं दीड ते अडीच मिलिमीटर जाडीची आणि एकमेकांना जुळणारी हवीत. म्हणून दोन्हींची पाच-सहा रोपं जास्त करा आणि जोड्या लावून निवडा.

आदल्या संध्याकाळी पाणी द्या, कलमाच्या दिवशी सकाळी देऊ नका. मुळं पाण्याने तट्ट असतील तर खुंटाच्या कापातून पाणी वर येतं आणि बसवलेला शेंडा उचलला जातो. काम सकाळी लवकर, सावलीत, पंखा बंद करून.

पातं नवं हवं. खुंट एका झटक्यात तिरका कापा, साधारण ४५ अंशांत. करवतीसारखं पुढेमागे केलं की पेशी चिरडतात आणि तिथेच काळं पडतं. वरच्या रोपाचा शेंडा त्याच कोनात कापा. त्यावर दोन-तीन लहान पानं पुरेत, मोठी पानं निम्मी छाटा. सिलिकॉनची क्लिप आधी खुंटावर अर्धी सरकवा, मग शेंडा वरून आत घाला, काप कापाला टेकेपर्यंत. आता रोप उजेडासमोर धरून बघा. क्लिप पारदर्शक असते, सांध्यातून उजेडाची रेघ दिसली तर फट राहिली आहे. शेंडा किंचित फिरवून दाबा. ओला काप बोटाला लागू देऊ नका आणि कापलेलं अर्ध्या मिनिटाहून जास्त उघडं ठेवू नका.

मग झाकणाचा पारदर्शक डबा. तळाला बोटभर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर रोपं. आतलं तापमान २५ ते २८ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास. पहिले दोन दिवस अंधार, तिसऱ्या दिवसापासून मंद उजेड. झाकणाच्या आतून फवारा मारा, सांध्यावर नको. चौथ्या-पाचव्या दिवशी झाकण दहा मिनिटं उघडा. पानं मान टाकतात का बघा. टाकली तर लगेच बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं वाढवत आठव्या दिवसापर्यंत झाकण पूर्ण निघालं पाहिजे. पुढे आठवडाभर अर्धवट सावली आणि मग कुंडीत. क्लिप काढायची घाई नको, खोड जाड झालं की ती आपोआप सुटते.

शेवंती
पातं निर्जंतुक कशात करायचं? स्पिरिट पुरतं का?

रोपवाटिकेतून
जिवाणू-बुरशीसाठी ७० टक्के अल्कोहोल पुरतं. टोबॅको मोझॅकच्या घराण्यातले विषाणू मात्र अल्कोहोलला दाद देत नाहीत. त्यासाठी पातं आणि हात साय काढलेल्या दुधात बुडवतात, किंवा पातं १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात. घरच्या पाच-दहा रोपांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येक जोडीला ब्लेडची नवी कड घ्या. आणि तंबाखू हाताळलेल्या हाताने हे काम करू नका.

वाफा-वरंबा
फसतं कुठे तेही लिहून ठेवतो, म्हणजे फसलेलं कलम बघून कारण ओळखता येईल.

पहिल्या दोन दिवसांत शेंडा लोळला तर काप एकमेकांना टेकलेले नव्हते किंवा डब्यात दमटपणा कमी होता. चौथ्या दिवशी सांधा काळा आणि बुळबुळीत झाला तर सांध्यात पाणी साचलं. दहा दिवस छान दिसून पहिल्या कडक उन्हात मान टाकली तर रसवाहिन्या पुरत्या जुळण्याआधी बाहेर काढलं. हे शेवटचं सगळ्यात जास्त घडतं, आणि ते टाळायला घाई न करणं एवढाच उपाय आहे.

महिना-दोन महिन्यांनी, फळं लागल्यावर झाड अचानक बसलं आणि सांध्यावर मोठी गाठ दिसली तर जोडीच जमणारी नव्हती. मिरचीचा शेंडा टोमॅटोच्या खुंटावर बांधला की नेमकं हेच होतं. सुरुवातीला जुळल्यासारखं दिसतं, पण आतला प्रवाह नीट चालत नाही. मिरची, ढोबळी मिरचीला मिरचीचाच खुंट.

गच्चीवरची बाग
ढोबळीला तिखट मिरचीचा खुंट दिला तर ढोबळी तिखट होत नाही, हे इथेच सांगून टाकते, कारण हा प्रश्न हमखास येतो. तिखटपणाचं द्रव्य फळातच, बियांजवळच्या पांढऱ्या भागात तयार होतं. मुळांतून वर येत नाही.

कुंडीकर
मग बाकी कुठलंच द्रव्य खुंटातून वर येत नाही का? खाण्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यासाठीच विचारला होता.

बीजांकुर
येतं, आणि म्हणूनच इथे नीट लिहितो. धोतऱ्याच्या खुंटावर टोमॅटो किंवा वांगं कधीही बांधू नका. धोतऱ्याचं विष मुळांत तयार होऊन वर चढतं आणि टोमॅटोच्या फळात उतरतं. अशी फळं खाऊन लोकांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. धोतरा काटक आहे, कलम पटकन जुळतं, म्हणून कुणीतरी ‘मजबूत खुंट’ म्हणून सुचवतं. ऐकू नका. तंबाखूचंही तसंच. निकोटिन मुळांत तयार होतं आणि वरच्या टोमॅटोत पोचतं.

बटाटा किंवा वांग्याच्या खुंटावरचा पिकलेला टोमॅटो खायला हरकत नाही. बटाट्यातलं सोलानिन ज्या त्या भागात तिथल्या तिथे तयार होतं. काळजी घ्यायची ती बटाट्याची: कुंडीत वर आलेले, उजेडाने हिरवे झालेले कंद टाकून द्यायचे. आणि खालच्या फुटव्याला बटाट्याची हिरवी फळं लागली तर ती छोट्या टोमॅटोसारखी दिसतात, विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर हे एक कारणसुद्धा ती जोडी न लावायला पुरेसं आहे.

मळेकरी
ऑनलाइन ‘पोमॅटोचं’ (म्हणजे बटाटा-टोमॅटो जोडीचं) बी विकतात, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. असं बी असूच शकत नाही. कलमी झाडाच्या टोमॅटोतून निघालेलं बी फक्त वरच्या टोमॅटोचं, त्यात बटाट्याचा अंशही नसतो. प्रत्येक रोपाला नव्याने कलम करावं लागतं.

गोंधळाचं एक कारण असं की १९७८ मध्ये जर्मनीत गेऑर्ग मेल्शर्स आणि सहकाऱ्यांनी टोमॅटो आणि बटाट्याच्या पेशी प्रयोगशाळेत एकजीव करून खराखुरा संकर केला होता. शेतीला उपयोगी पडेल असं पीक त्यातून मिळालं नाही. २०१३ मध्ये ब्रिटनच्या थॉम्पसन अँड मॉर्गन कंपनीने ‘टॉमटेटो’ आणलं, ते कलम होतं. त्यात चेरी टोमॅटो घेतला होता, आणि ती निवड शहाणपणाची. करायचंच असेल तर मोठ्या फळाची जात घेऊ नका.

शेवंती
दोन रंगांच्या टोमॅटोबद्दल राहिलं.

रोपवाटिकेतून
नवलाईच्या सगळ्या प्रकारांत मला हा सर्वांत पटतो, कारण मुळांना दोन वेगळ्या पिकांची मर्जी राखावी लागत नाही. फक्त दोन्ही जाती सारख्या जोमाच्या हव्यात. वेलासारखी वाढत जाणारी एक आणि ठेंगणी एक अशी जोडी लावली की महिन्यात वेलवाली सगळा रस घेते आणि ठेंगणी सुकटते. दोन्ही वेलवाल्या घ्या, फळाचा आकारही जवळपास सारखा.

खुंटाच्या बीजदलांच्या (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) वर शेंडा खुडा. दोन्ही दलांच्या बगलेतून दोन फुटवे येतात, ते कलमाच्या जाडीचे झाले की प्रत्येकावर एक शेंडा वर सांगितलेल्या पद्धतीने बांधा. पुढे तोल तुम्हालाच राखायचा असतो. दर आठवड्याला दोन्ही फांद्या शेजारी धरून बघा, जी पुढे गेली तिचे बगलफुटवे आधी काढा आणि तरीही पुढेच असेल तर शेंडा खुडा. प्रत्येक फांदीला वेगळी काठी द्या. ओझ्याने सांधा चिरतो तो नेमका दुफाट्यात.

मळेकरी
मला वाटतं मूळ प्रश्नाची खरी बाजू अजून बाजूला आहे. घरच्या बागेत कलम परवडतं कधी? जमिनीतल्या वाफ्यात तेच तेच टोमॅटो-वांगी लावून मातीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) किंवा मर रोग बसला असेल तेव्हा. झाड उपटून बघा: मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. हिरवं झाड दोन दिवसांत कोमेजलं तर जिवाणूजन्य मर आहे का ते तपासा. खोडाचा तुकडा पाण्याच्या स्वच्छ ग्लासात टांगला आणि दुधट धागा खाली उतरला, तर तीच. अशा वाफ्यात वांग्याला रानवांग्याचा खुंट दोन्हींवर चालतो. टोमॅटोला वांग्याचा खुंट दिला तर जिवाणूजन्य मर आणि पाणी साचणं दोन्ही सोसतो. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने यासाठी ईजी २०३ हे वांगं सुचवलेलं आहे.

टोमॅटोच्या सूत्रकृमी-प्रतिकारक खुंटांची एक मर्यादा मात्र माहीत हवी. त्यांतला एमआय जनुक माती २८ अंशांपुढे तापली की काम करेनासा होतो. उष्ण हंगामात त्यावर विसंबू नका.

नव्या मातीने भरलेल्या कुंडीत यातला एकही रोग सहसा नसतो. तिथे खुंटाचा हा फायदा मिळतच नाही, आणि कलमी झाड वर आठवडा-दीड आठवडा उशिरा फळाला येतं.

वाफा-वरंबा
काकडीवर्गीयांत हेच. कलिंगडाला दुधीचा किंवा संकरित भोपळ्याचा खुंट, कारल्याला घोसाळ्याचा. तिथे पद्धत वेगळी: खुंटाचं निदान एक बीजदल राखावंच लागतं, नाहीतर मुळं उपाशी मरतात. पण कुंडीबागेला हे सहसा लागत नाही.

कुंडीकर
सर्वांचे मनापासून आभार. ठरवलंय असं: दोन कुंड्यांत साधा टोमॅटो आणि साधं वांगं, तिसरीत दोन रंगांचा टोमॅटो, घरीच कलम करून. नाहीच जमलं तर विकत घेईन. विकत घेताना रोप कसं तपासायचं?

रोपवाटिकेतून
सांध्याच्या खाली एकही पान किंवा फुटवा नको. सांधा मातीपासून किमान तीन-चार सेंटिमीटर वर हवा. सांध्याच्या वरचं आणि खालचं खोड सारख्या जाडीचं, मध्ये काळी रेघ किंवा फुगीर गाठ नको. रोप दोन बोटांत धरून हलकेच डोलवा, सांध्यापाशी वेगळं वाकत असेल तर ठेवून द्या. फुलं-फळं लागलेलं रोप छोट्या पिशवीत असेल तर मोह टाळा, मुळं गुंडाळलेली असतात. दोन जातींचं असेल तर दोन्ही फांद्या जवळपास एकाच उंचीच्या हव्यात, आणि दोन्ही जातींची नावं लेबलवर हवीत. नावं नसतील तर जोम जुळतो का हे कळायला मार्ग नाही.

लावल्यावर पहिले पंधरा दिवस दर दोन दिवसांनी सांध्याखाली नजर टाका. खुंटाचा फुटवा नखाएवढा असतानाच काढला तर जखम उरत नाही.